पॅलेडियमची पावडर, ड्युटेरियम आणि ‘जास्तीची’ उष्णता : आधी रसायनाची उधारी चुकती करा

निर्वात | रविवार, रात्री १०:१२

कोल्ड फ्यूजनचा (खोलीच्या तापमानालाच अणुगर्भ जुळून ऊर्जा निघते या दाव्याचा) विषय निघाला की चर्चा फ्लाइशमन-पॉन्स यांच्या २३ मार्च १९८९च्या पत्रकार परिषदेपाशी जाऊन रुतते. हा धागा त्यांच्या जड पाण्यातल्या (ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्यातल्या) विद्युत-विघटनाबद्दल नाही. इथे विषय आहे वायू भरून केलेल्या प्रयोगांचा. अगदी बारीक पॅलेडियम घ्यायचं, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिना, झिओलाइट नाहीतर झिरकोनियाच्या कणांवर बसवलेलं. सेल, म्हणजे प्रयोगाचं बंद भांडं, निर्वात करायचा, ड्युटेरियम सोडायचा आणि किती ज्यूल बाहेर पडले ते मोजायचं. अराता आणि झांग यांनी ओसाका विद्यापीठात मे २००८ मध्ये दाखवलेला प्रयोग याच जातीचा.

या प्रयोगांत एक गोष्ट वारंवार दिसते : ड्युटेरियम भरला की उष्णता जास्त, साधा हायड्रोजन भरला की नाही. दोघांचं रसायन सारखंच, तेव्हा फरक अणुगर्भातूनच येत असणार, असा निष्कर्ष लगेच निघतो. पण दोघांचं रसायन तंतोतंत सारखं नसतं, आणि घोळ तिथेच आहे.

अ‍ॅल्युमिनाची पावडर हाताला टाल्कमसारखी कोरडी लागते. प्रत्यक्षात तिच्या पृष्ठभागावर पाणी आणि हायड्रॉक्सिल गट चिकटलेले असतात. त्यात साधा हायड्रोजन असतो. पॅलेडियम शेजारी असलं की ड्युटेरियमचा रेणू फुटतो, अणू पृष्ठभागावरून सरकत जातात आणि पाण्यातल्या हायड्रोजनला हुसकून त्याची जागा घेतात. ही अदलाबदल उष्णता देते, कारण जड पाण्याचा बंध किंचित घट्ट. वाफेच्या अवस्थेत साध्या पाण्याची निर्मिती-उष्णता मोलला २४१.८ किलोज्यूल, जड पाण्याची २४९.२. फरक ७.४ किलोज्यूल. साधा हायड्रोजन भरला तर हायड्रोजनच्या जागी हायड्रोजनच बसतो, म्हणजे शून्य.

आता आकडे. १० ग्रॅम पावडर, त्यात २ टक्के पॅलेडियम आणि २ टक्के पाणी.

पॅलेडियम ०.२ ग्रॅम. प्रत्येक पॅलेडियम अणूमागे ०.६५ ड्युटेरियम अणू शिरले आणि ड्युटेरियमच्या रेणूंच्या मोलला ३५ किलोज्यूल धरले तर हायड्राइड (पॅलेडियम-ड्युटेरियमचं संयुग) बनण्याची उष्णता २१ ज्यूल.

पाणी ०.२ ग्रॅम, म्हणजे ०.०११ मोल. पूर्ण अदलाबदल झाली तर ८२ ज्यूल.

ज्या शोषणाची उष्णता मोजायला बसलो त्याच्या चौपट उष्णता ओलाव्यातून येऊ शकते. तीही फक्त ड्युटेरियमलाच.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या कूलेसन्स या प्रयोगशाळेच्या गटाने अ‍ॅल्युमिनावरच्या पॅलेडियमवर हेच तपासलं आणि २०१२ मध्ये छापलं : पावडर आधी नीट भाजून घेतली की ड्युटेरियमची जादा उष्णता नाहीशी होते.

शंकेखोर | रविवार, रात्री ११:०५

हिशोब पटला. पण अदलाबदल एकदाच व्हायला हवी ना? हायड्रोजन संपला की खेळ खल्लास. इथे तर दुसऱ्या, तिसऱ्या फेरीतही जादा उष्णता दिसल्याचे दावे आहेत. आणि ती दर फेरीला कमी होत जाते, याला ‘नमुना थकतो’ असं म्हणतात.

निर्वात | रविवार, रात्री ११:३८

@शंकेखोर, थकत नाही, हायड्रोजन संपत जातो. एका फेरीत अदलाबदल किती होणार हे सेलमध्ये ड्युटेरियम किती मावतो त्यावर ठरतं. मोकळी जागा २० मिली आणि दाब ७ बार असेल तर खोलीच्या तापमानाला ड्युटेरियमचे अणू साधारण ०.०११ मोल. पावडरीतले हायड्रोजनचे अणू ०.०२२ मोल. दोन्ही सरमिसळ झाले तर पाण्यातल्या हायड्रोजनपैकी जेमतेम ३४ टक्के बदलतात. (ड्युटेरियमला पाण्यात राहणं थोडं जास्त आवडतं, ती दुरुस्ती इथे सोडली आहे.)

पहिल्या फेरीत २८ ज्यूल. सेल उपसला, ताजा ड्युटेरियम भरला : १८ ज्यूल. मग १२. थकत जाणाऱ्या नमुन्याचा आलेख हुबेहूब असाच दिसतो.

पुढची गंमत : सेल उघडून पावडरीला हवा लागू दिली की तिच्यात नवं साधं पाणी शिरतं आणि नमुना पुन्हा ‘जिवंत’ होतो. मुंबईच्या जुलैत तर डबीचं झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं तरी पुरे.

थर्मोकपल | सोमवार, सकाळी ८:२०

वरच्या यादीत एक मोठी रक्कम राहिली : वायू भरण्याचीच उष्णता. निर्वात सेलमध्ये रेग्युलेटरमधून वायू सोडला की मागचा वायू पुढच्याला ढकलत आत घालतो. ते काम उष्णता होऊन सेलच्या भिंतीतून बाहेर पडतं. आदर्श वायूसाठी ती रक्कम म्हणजे दाब गुणिले मोकळी जागा. ७ बार आणि १०० मिली धरले तर ७० ज्यूल. पॅलेडियमचे २१ ज्यूल त्यात बुडून जातात.

म्हणून मोकळी जागा कमी ठेवा. सेलच्या उरलेल्या पोकळीत स्टीलचा भरीव दंडगोल बसवून १०० मिलीचे २० केले की हीच रक्कम १४ ज्यूलवर येते.

दुसरं, कोऱ्या फेरीसाठी (पॅलेडियमशी काहीच न करणारा वायू भरून केलेल्या तुलनेच्या फेरीसाठी) आर्गॉन वापरू नका. बऱ्याच जणांकडे सिलिंडर तोच असतो म्हणून तोच लावतात. उष्णतावहन पाहा, खोलीच्या तापमानाला, वॅट प्रति मीटर-केल्विन : हायड्रोजन ०.१८, ड्युटेरियम ०.१४, हेलियम ०.१५, आर्गॉन ०.०१८. आर्गॉन भरलेल्या सेलमध्ये पावडरीच्या ढिगाचा गाभा वेगळ्याच तापमानाला राहतो. त्यावर काढलेला कॅलिब्रेशनचा (किती वॅटला तापमान किती चढतं याचा) आकडा ड्युटेरियमच्या फेरीला लावला की दहा-वीस टक्के ‘जादा’ उष्णता आपोआप तयार होते. हेलियम ड्युटेरियमच्या सर्वात जवळचा, आणि पॅलेडियम त्याला शिवत नाही.

कॅलिब्रेशनचा क्रम :

सेलच्या आत, पावडरीतच, छोटा हीटर-रेझिस्टर. त्याला चार तारा : दोन करंट नेणाऱ्या, दोन व्होल्टेज थेट रेझिस्टरच्या पायांवर मोजणाऱ्या. पुरवठा डीसी. ट्रायॅकने (डिमरमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) कापलेला एसी दिला आणि साध्या मल्टिमीटरने मोजला तर वॅटचा आकडा हमखास चुकतो, कारण असे मीटर शुद्ध साइन वेव्ह गृहीत धरतात.

हेलियममध्ये ०.१, ०.२, ०.५ वॅट अशा पायऱ्या चढा आणि त्याच उतरा. चढताना-उतरताना फरक आला तर सेल अजून स्थिरावलेला नाही.

ड्युटेरियम भरून सगळी उष्णता निघून गेल्यावर, वायू आत असतानाच, हीटरची तीच पायरी पुन्हा द्या. हे बहुतेक जण करत नाहीत. कॅलिब्रेशन सरकलंय का, ते इथेच कळतं.

आणि कृपा करून तापमानाचं शिखर पाहून दावा करू नका. आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजा. १० मिनिटांत ६० ज्यूल म्हणजे सरासरी १०० मिलिवॅट फक्त. पण सुरुवातीचा उसळलेला टोकाचा भाग तेवढा दाखवला की डोळे दिपतात.

दोन_अधिक_दोन | सोमवार, सकाळी ९:४७

थर्मोकपल यांच्याशी सहमत. भर इतकीच : भरणं आणि उपसणं अशी अख्खी फेरी मोजा. पॅलेडियम ड्युटेरियम घेताना उष्णता देतं, सोडताना तेवढीच परत घेतं. वायू भरण्याची उष्णताही उपसताना (सावकाश उपसलं तर) वळती होते. म्हणजे अख्ख्या फेरीची बेरीज शून्याच्या आसपास यायला हवी. जी शिल्लक राहते ती अदलाबदलीची, नाहीतर मग खरोखर विचार करण्यासारखी.

अदलाबदलीची म्हणून ओळखायचा स्वस्त उपाय : ड्युटेरियमच्या फेऱ्यांनंतर न भाजता साधा हायड्रोजन भरा. आता पावडरीत जड पाणी आहे, अदलाबदल उलटी होईल आणि उष्णता शोषली जाईल. हायड्रोजनच्या फेरीची बेरीज उणे आली तर निकाल लागला. कुठलीही अणुगर्भीय प्रक्रिया असं उसनं परत मागत नाही.

शंकेखोर | सोमवार, दुपारी १:१५

हे उणे बेरजेचं आवडलं. आता भाजायचं कसं ते लिहा. ‘नीट भाजून घेतली’ यात ‘नीट’ म्हणजे काय?

निर्वात | सोमवार, रात्री ९:३०

पावडर सेलमध्ये भरल्यावर तोंडाशी सिंटर्ड स्टीलचा बारीक फिल्टर हवाच. पंप एकदम जोडला की पावडर उडून व्हॉल्व्हच्या सीटवर बसते आणि तो व्हॉल्व्ह नंतर कधीच पूर्ण बंद होत नाही. म्हणून सुरुवातीला सुईच्या व्हॉल्व्हमधून, मिनिटाला काही मिलिबार इतक्याच वेगाने उपसा.

मग पंप चालू ठेवून तापमान चढवा. १०० अंशांच्या आसपास सैल पाणी सुटतं, तिथे दाब उसळतो, तो खाली येईपर्यंत थांबा. हायड्रॉक्सिल गट मात्र चिवट. ३०० अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय ते हलत नाहीत, आणि तिथे रात्रभर तरी ठेवायला लागतं. घड्याळ बघून थांबू नका, वस्तुमान १८ची, म्हणजे पाण्याची, रेषा बघून थांबा. रेसिड्यूअल गॅस अ‍ॅनलायझरवर (वायूचे रेणू वस्तुमानाप्रमाणे वेगळे दाखवणाऱ्या यंत्रावर), सेल गरम असताना, ती रेषा रिकाम्या सेलच्या पातळीला टेकली की झालं. नंतर थंड करा आणि प्रयोग संपेपर्यंत सेल उघडू नका.

ड्युटेरियम भरल्यावरही त्याच अ‍ॅनलायझरने नमुना घ्या. वस्तुमान ४ ड्युटेरियम, ३ म्हणजे एक हायड्रोजन-एक ड्युटेरियम जोडी, १९ आणि २० अर्धजड व जड पाणी. वायू भरल्यावर तासाभरात ३ची रेषा चढत गेली तर अदलाबदल डोळ्यांसमोर चालू आहे. २०वर भरवसा ठेवताना जपून : दुहेरी आयन झालेला आर्गॉनही तिथेच बसतो. ४०ची रेषा शेजारी पाहिली की शंका मिटते.

चिमटा | सोमवार, रात्री १०:०४

दोन गोष्टी, दोन्ही भाजण्याच्या.

एक : भाजण्याला किंमत आहे. काही नॅनोमीटरचे पॅलेडियमचे कण तापवले की एकमेकांत वितळल्यासारखे जुळतात आणि मोठे होतात. मग ‘तुम्ही भाजून माझा परिणाम मारलात’ असा आक्षेप येतो, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. उत्तर असं : भाजलेल्या पावडरीत मुद्दाम मोजून जड पाण्याची वाफ सोडा, जादा उपसा, मग ड्युटेरियम भरा. कण तेच, ओलावाही तेवढाच, फक्त त्यात साधा हायड्रोजन नाही. उष्णता गेलेलीच राहिली तर दोष कणांच्या आकाराचा नाही. त्याच भाजलेल्या पावडरीला साधं पाणी पाजून ती परत आली तर मग बोलायलाच नको.

दोन : सेल उघडताना. पॅलेडियममध्ये ड्युटेरियम शिल्लक असताना हवा आत गेली की पॅलेडियम स्वतःच उत्प्रेरक बनून दोघांची गाठ घालतं आणि पावडर निखाऱ्यासारखी लाल होते. आधी गरम असतानाच पूर्ण उपसा, थंड करा, नायट्रोजन भरा, मग त्यात टक्का-दोन टक्के हवा सोडत तासभर थांबा. सेलचं तापमान चढलं तर हवा बंद. सांडलेली पावडर ओल्या टिश्यूने पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. टिश्यू वाळला की डबा पेटतो. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत जळतो, त्यामुळे व्हेंटची नळी खिडकीबाहेर. सिलिंगपाशी पंखा आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ७:५०

झिरकोनियातल्या पॅलेडियमबद्दल पण सांगा. तिथे ड्युटेरियम-पॅलेडियम गुणोत्तर १च्या पुढे, २च्याही पुढे गेल्याचे आकडे वाचनात येतात. एवढं भरलं तर काहीतरी वेगळं घडत असेलच.

दोन_अधिक_दोन | मंगळवार, सकाळी ११:२२

ती पावडर बनते कशी ते पाहा. झिरकोनियम-पॅलेडियमचा अस्फटिक मिश्रधातू फिरत्या चाकावर ओतून त्याच्या पातळ फिती करतात आणि हवेत तापवून ऑक्सिडाइझ करतात. झिरकोनियमचा झिरकोनिया होतो आणि पॅलेडियम त्यात बारीक कणांच्या रूपाने अडकतं. पण हवेत तापवताना पॅलेडियमचाही काही भाग ऑक्साइड होतो.

पहिल्यांदा ड्युटेरियम सोडला की तो आधी हा ऑक्साइड फोडतो आणि त्याचं जड पाणी बनतं. मोलला सव्वाशे ते दीडशे किलोज्यूल. १ ग्रॅम पॅलेडियम ऑक्साइडमागे हजार ज्यूलच्या वर उष्णता. १ ग्रॅम पॅलेडियम भरताना मिळतात फक्त १०७. दसपट!

गुणोत्तराचं कोडंही तिथेच सुटतं. दाबातली घट मोजून ‘किती ड्युटेरियम आत गेला’ हे काढतात. ऑक्साइडच्या एका पॅलेडियममागे ड्युटेरियमचे २ अणू नुसते पाणी बनवण्यात जातात. सगळं पॅलेडियम ऑक्साइड असेल तर २ अधिक ०.६५, म्हणजे २.६५ दिसेल, आणि धातूत खरे शिरलेले असतील ते ०.६५च. म्हणून पहिली फेरी हिशोबात धरूच नये. आधी साध्या हायड्रोजनने ऑक्साइड फोडा, बनलेलं पाणी भाजून काढा, मग मोजायला बसा. भाजून न काढता थेट ड्युटेरियम भरलात तर निर्वात यांची पहिली पोस्ट पुन्हा वाचा, ओलावा तुम्ही स्वतःच तयार केलात.

थर्मोकपल | मंगळवार, रात्री ९:१०

निकेलच्या पावडरीत हायड्रोजन भरून जादा उष्णता मिळाल्याचेही दावे आहेत, त्यांचं थोडक्यात, कारण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. तिथे काम शेकडो अंशांवर चालतं आणि उष्णतेपेक्षा तापमापनच दगा देतं.

के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाचा तापमापक) ८०० अंशांच्या वर, ऑक्सिजन कमी असलेल्या जागी ठेवला की त्यातलं क्रोमियम निवडून ऑक्सिडाइझ होतं आणि रीडिंग घसरत जातं. एन टाइप त्यामानाने टिकतो.

इन्फ्रारेड कॅमेऱ्याने अ‍ॅल्युमिनाच्या नळीचं तापमान काढताना उत्सर्जकता (पृष्ठभाग किती चांगलं प्रारण सोडतो तो आकडा) टाकावी लागते. अ‍ॅल्युमिनाची सर्व तरंगलांबींची सरासरी उत्सर्जकता उच्च तापमानाला ०.४च्या आसपास, पण कॅमेरा बघतो साधारण ८ ते १३ मायक्रॉनमध्ये, तिथे ती ०.९च्या पुढे. कॅमेऱ्यात सरासरी आकडा भरला की तापमान भलतंच वर दिसतं, आणि प्रारण तापमानाच्या चौथ्या घातात वाढत असल्याने वॅट फुगतात. रॉसी यांच्या ‘ई-कॅट’ या निकेलच्या यंत्रावरच्या २०१४च्या लुगानो अहवालावरचा मुख्य आक्षेप हाच होता.

निकेलसोबत लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड घालून नळी बंद करणाऱ्यांसाठी : ०.१ ग्रॅम हायड्राइडमधून पहिल्या दोन टप्प्यांत ०.००४ मोल हायड्रोजन सुटतो. ५ मिलीच्या बंद नळीत, १००० केल्विनला, ६५ बार. अ‍ॅल्युमिनाची नळी वाकत नाही, फुटतेच. पॉलिकार्बोनेटची ढाल लावल्याशिवाय हीटर चालू करू नका. हे हायड्राइड पाण्याने पेटतं, तेव्हा वजनही कोरड्या पेटीत करा.

गूगलच्या पैशावर चाललेल्या गटाने निकेल-हायड्रोजनचे ४२० नमुने तपासून २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं : एकातही जादा उष्णतेचा पुरावा नाही.

ऊनसावली | बुधवार, सकाळी १०:४०

मग आपल्या ट्रॉम्बेचं काय? तिथे १९८९ सालीच ट्रिशियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) आणि न्यूट्रॉन सापडले होते ना? ते पण ओलावाच का?

निर्वात | बुधवार, रात्री १०:५५

@ऊनसावली, नाही, तो आक्षेप तिथे लागूच होत नाही. अय्यंगार संचालक असताना भाभा अणुसंशोधन केंद्रात जे काम झालं त्याचा भर उष्णतेवर नव्हता, न्यूट्रॉन आणि ट्रिशियमवर होता. एका प्रयोगात तर हायड्रोजन बनवण्याचं बाजारात मिळणारं यंत्रच, पॅलेडियम-चांदीच्या नळ्यांचं, जड पाणी घालून चालवलं होतं. टायटॅनियमच्या चकत्यांत वायू भरून ऑटोरेडिओग्राफीही (किरणोत्साराने फिल्मवर उमटणारं चित्र) झाली. तिथे वाद वेगळा आहे : नेहमीच्या संमीलनात न्यूट्रॉन आणि ट्रिशियम जवळपास बरोबरीने निघतात, ट्रॉम्बेच्या आकड्यांत दहा कोटी ट्रिशियममागे एक न्यूट्रॉन. हा आकडा नेहमीच्या भौतिकशास्त्रात बसत नाही. चूक असेल तर ती ट्रिशियम मोजण्यात शोधायची, कॅलरीमीटरमध्ये नव्हे.

उष्णतेच्या दाव्याला मात्र अणुगर्भीय राख, म्हणजे त्या प्रक्रियेतून उरणारे कण, दाखवावी लागते. नेहमीच्या मार्गाने १ वॅट निघाला तर सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन सुटतील, म्हणजे मोजणारा आलेख काढायला उरणार नाही. म्हणून समर्थक हेलियम-४चा मार्ग सांगतात : २३.८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, १ वॅटला सेकंदाला २६ हजार कोटी अणू.

शंकेखोर | बुधवार, रात्री ११:२०

मग हेलियमच मोजून टाकावा. वाद मिटेल.

दोन_अधिक_दोन | गुरुवार, सकाळी ८:०२

१ वॅट अख्खा दिवस चालला तर हेलियम जमतो ०.८४ मायक्रोलिटर. हवेत हेलियम दहा लाखांत ५.२४ भाग. म्हणजे दिवसभरात १६० मिली हवा कुठल्याही जोडातून आत झिरपली की तेवढाच हेलियम फुकट मिळतो. रबरी ओ-रिंग टाळा, तांब्याच्या गॅस्केटचे जोड वापरा, आणि प्रत्येक नमुन्यात आर्गॉन मोजा : हवा आली असेल तर तिच्यात ०.९३ टक्के आर्गॉन असतोच. त्यावरूनही हेलियमची वजाबाकी अगदी काटेकोर होत नाही, कारण हेलियम काचेतून एकटाच घुसतो आणि आर्गॉन बाहेर राहतो. म्हणून काचेचा सेल नको.

शिवाय ड्युटेरियमचा रेणू ४.०२८ आणि हेलियम ४.००३. साध्या क्वाड्रुपोलला (वस्तुमान मोजणाऱ्या अ‍ॅनलायझरला) ही दोन शिखरं वेगळी दिसत नाहीत, एकच ढिगारा दिसतो. नमुना आधी गरम गेटरवरून (हायड्रोजनसारखे वायू शोषणाऱ्या धातूवरून) नेऊन ड्युटेरियम पूर्ण शोषून घ्या, आणि गेटरनंतर वस्तुमान ३ आणि २च्या रेषा शून्यावर आल्यात हे पाहूनच ४चा आकडा लिहा.